मैत्रीचा धागा घरी विणायचा तर काय घ्यावे: तयार संच की महाद्वार रोडवरच्या सुट्या लड्या?

मैत्रीदिनाचा धागा घरी विणायचा असेल तर त्यासाठी तयार संच मागवू नये, कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत भरतकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून दोऱ्याच्या सुट्या लड्या घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की आपल्याकडे सॅटिनच्या रिबिनी आणि रबरी पट्ट्या रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात. त्या घेणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अलीकडे अनेक घरांतील मुली, आणि आता मुलेही, गाठींचे धागे स्वतः विणू लागली आहेत, आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न साहित्य कोठून आणायचे हाच असतो. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी हे काम करीत आहेत. त्यामुळे ऑनलाइन मागवलेला एक संच आणि दुकानातून आणलेल्या लड्या ही दोन्ही साधने मला शेजारी शेजारी ठेवून पाहता आली.

आधी संचाविषयी. चारशे रुपयांहून अधिक किमतीच्या त्या खोक्यात कापून ठेवलेले रंगीत दोरे, अक्षरांचे प्लॅस्टिकचे मणी, गोफ विणण्यासाठी फेसाळ रबराची एक गोल चकती, चिमटा आणि छापील सूचनापत्र एवढे साहित्य होते. खोके दिसायला देखणे होते आणि मुलींना ते उघडताना आनंद झाला, हे मान्य केले पाहिजे. मात्र दोरा हातात घेताच त्यातील उणीव कळली. तो सुती नव्हता. चमकदार, निसरडा आणि हलका असा कृत्रिम धागा होता, आणि अशा धाग्यावर घातलेली गाठ आवळली तरी हळूहळू मागे सरकते. त्याचे टोक चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेले तेव्हा ते आकसून वितळले आणि काळा, टणक मणी होऊन बसले. सुती दोरा असता तर तो कागदासारखा जळून त्याची मऊ राख झाली असती. दोरा सुती आहे की नाही हे ठरवण्याची यापेक्षा सोपी परीक्षा नाही, फक्त ती मोठ्या माणसानेच करावी.

दुसरी उणीव लांबीची. संचातील दोरे साधारण पन्नास सेंटिमीटरचे होते. गाठींच्या कामात प्रत्येक दोरा शेजारच्या दोऱ्याला वेढे घालीत पुढे जातो, त्यामुळे तो भराभर संपतो. मुलीच्या मनगटाएवढी पट्टी व्हायची तर प्रत्येक पदर किमान पाऊण मीटरचा हवा आणि मोठ्या माणसासाठी नव्वद सेंटिमीटर तरी हवेतच. परिणामी दोन मुलींच्या पट्ट्या मनगटाला पुरण्याआधीच दोरा संपला, आणि संपलेल्या दोऱ्याला नवा जोड देण्याची रीत सूचनापत्रात कोठेही नव्हती. एखाद्या वस्तूत रंग कमी असले किंवा मणी बेढब असले तर चालवून घेता येते, पण नवख्या मुलीने दोन-तीन तास मान मोडून केलेले काम विक्रेत्याने अपुरा दोरा दिल्यामुळे वाया जावे, हे मला अक्षम्य वाटते. संचातील चकती तेवढी चांगली होती, पण तिला घरच्या घरी उत्तम पर्याय आहे. त्याविषयी पुढे लिहीतच आहे.

आता लड्यांविषयी. भरतकामासाठी मिळणारा सहा पेडांचा सुती दोरा हेच या कामाचे खरे साहित्य आहे. आपल्याकडे अँकर या नावाच्या लड्या सर्वत्र मिळतात. एका लडीत आठ मीटर दोरा असतो आणि मला ती दहा-पंधरा रुपयांच्या आसपास पडली. डीएमसी ही फ्रान्समधील म्युलूझ येथे 1746 मध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा दोराही आठ मीटरच्याच लडीत येतो आणि जगभरचे विणणारे तो प्रमाण मानतात. तो आपल्याकडे बराच महाग पडतो आणि कोल्हापुरात प्रत्येक दुकानात मिळतोच असे नाही. दोन्ही वापरून पाहिल्यावर मैत्रीच्या धाग्यासाठी अँकर पुरेसा आहे, जास्त पैसे घालण्याची गरज नाही, असे मी निःशंकपणे सांगेन. डीएमसीचा दोरा हाताला किंचित अधिक मऊ लागतो, पण गाठ बसल्यावर तो फरक जवळजवळ उरत नाही.

या दोऱ्याला जी शांत, रेशमासारखी झळाळी असते तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पिळलेला असतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो फुगून गोल होतो, हे इंग्लंडमधील जॉन मर्सर यांच्या 1844 मध्ये लक्षात आले. पुढे 1890 मध्ये होरेस लो यांनी ही प्रक्रिया दोरा ताणून धरून केली, तेव्हा त्याला चकाकी आली. मर्सराइज्ड म्हणून जो दोरा ओळखला जातो तो हाच. असा दोरा रंग अधिक खोलवर धरतो, साध्या सुतापेक्षा मजबूत असतो आणि तरीही सुतीच असल्यामुळे गाठ पकडून ठेवतो. कृत्रिम धाग्यात चकाकी असते पण पकड नसते, आणि साध्या सुतात पकड असते पण चकाकी नसते. मैत्रीच्या धाग्याला दोन्ही लागतात. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तेथून मागाचे सूत स्वस्तात आणावे, असे काही जण सुचवतात. ते सूत मागावर कापड विणण्यासाठी असते, बारीक आणि एकेरी असते, आणि गाठ आवळताना त्याचा पीळ सुटून ते तुटते. त्या वाटेला न गेलेलेच बरे.

महाद्वार रोडवर मी ज्या दुकानातून लड्या घेते त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या भागात अशी दुकाने एकाहून अधिक आहेत आणि माल जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो दाखवणाऱ्या माणसात. या दुकानातील आजींची पद्धत मला फार आवडली. त्यांनी लाकडी खणांतून एकेक रंगाची जुडी काढून काउंटरवर पसरली, आणि दिव्याखाली रंग निवडू न देता आम्हाला दाराशी उजेडात उभे केले. "ताई, दिव्याखाली निळा-जांभळा एकच दिसतोय, भाईर या," असे म्हणून त्यांनी भाचीच्या हातात दोन लड्या दिल्या, तेव्हा दुकानात एकसारखे भासलेले दोन रंग खरोखरच वेगळे निघाले. लाल दोऱ्याचा रंग जातो का, असे विचारताच त्यांनी पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा ओला करून त्यात दोरा घट्ट चिमटून दाखवला. कापडावर डाग उठला नाही. ही परीक्षा प्रत्येकाने घरीही करावी, विशेषतः लाल, काळ्या आणि गडद निळ्या दोऱ्यांची, कारण कोल्हापूरच्या पावसात मनगटावरचा धागा दिवसातून दोनदा तरी भिजतो आणि कच्चा लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला की सगळी मेहनत गुलाबी होते.

खरेदी करताना रंगाचे नाव सांगू नये, क्रमांक सांगावा. प्रत्येक लडीच्या कागदी पट्टीवर तो छापलेला असतो. अँकरमध्ये काळा 403, शुभ्र पांढरा 1 आणि तेजस्वी लाल 46. पट्टी जपून ठेवली तर अर्ध्यात संपलेला रंग पुन्हा तोच आणता येतो. चार रंगांच्या चार लड्यांत, प्रत्येक रंगाचा एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा कापून तो मधोमध दुमडला तर आठ पदरांची पट्टी होते, आणि त्याच लड्यांत अशा चार पट्ट्या निघतात. म्हणजे एका धाग्याला पंधरा रुपयांहून अधिक खर्च येत नाही. संचाच्या किमतीशी हा हिशेब ताडून पाहावा.

दुकानांविषयी एकच तक्रार आहे. श्रावणात तेथे राख्यांच्या साहित्याची एवढी गर्दी असते की भरतकामाचा खण उघडायलाही कोणाला सवड नसते, म्हणून जुलैच्या मध्यालाच खरेदी उरकावी, आणि गाडी बिंदू चौकातील वाहनतळावर लावून चालत जावे.

घरी आल्यावर सुरुवात करताना चारही तुकडे एकत्र दुमडून वरच्या बाजूला एक फासा ठेवून निरगाठ मारावी. फासा उशीला सेफ्टी पिनने अडकवता येतो किंवा टेबलाला चिकटपट्टीने लावता येतो. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र करगोटा वळताना धरतात तसा तो पायाच्या अंगठ्यात अडकवला, आणि खरे सांगायचे तर त्यांचा ताण सर्वांत एकसारखा आला.

या कामातली एकच गाठ नीट समजली की बाकी सारे आपोआप सुचते. डावीकडचा पहिला दोरा घेऊन तो दुसऱ्या दोऱ्यावरून आडवा न्यावा, त्याच्या खालून घेऊन तयार झालेल्या वेढ्यातून वर काढावा. त्या क्षणी दोन दोऱ्यांचा आकार इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दिसतो. मग दुसरा दोरा ताठ धरून पहिला वर ओढावा. ही झाली अर्धी गाठ. त्याच दोऱ्यांवर पुन्हा एकदा असेच केले की गाठ पूर्ण होते. सूचनापत्रे सांगत नाहीत अशी एक गोष्ट येथे निर्णायक असते: वेढा घेणारा दोरा सैल आणि ज्याच्याभोवती वेढा बसतो तो दोरा ताठ राहिला तर गाठीला वेढा घेणाऱ्याचा रंग येतो, पण ताण उलटा झाला तर गाठ स्वतःवर उलटते आणि दुसराच रंग वर येतो. नक्षीत मधेच चुकीच्या रंगाचा ठिपका दिसला तर बहुतेक वेळा गाठ मोजण्यात चूक झालेली नसते, ताण चुकलेला असतो. भाचीला हे एकदा दाखवल्यावर तिच्या पट्ट्यांतले ठिपके नाहीसे झाले.

पहिली पट्टी तिरक्या रेघांची करावी. पहिला दोरा उजवीकडे सरकत सर्वांवर एकेक गाठ घेतो आणि शेवटी पोहोचतो. मग नवा पहिला दोरा निघतो. ही नक्षी सोपी आहे, मात्र सगळ्या गाठी एकाच दिशेने असल्यामुळे पट्टी पिळाप्रमाणे वळू लागते आणि नवख्यांना वाटते की काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. पूर्ण झाल्यावर पट्टी ओली करून टाचण्यांनी सपाट ताणून वाळवावी, किंवा वरून ओले फडके ठेवून इस्त्री फिरवावी. दुसरी पट्टी बाणांच्या टोकांसारख्या नक्षीची घ्यावी. त्यात रंगांची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी असते, डावीकडचा दोरा मध्यापर्यंत तीन गाठी घेत येतो, उजवीकडचा तसाच उलट दिशेने येतो आणि दोघे मधोमध एका गाठीत भेटतात. दोन्ही बाजूंचा ओढा परस्परांना तोलतो, म्हणून ही पट्टी आपोआप सपाट बसते. भेट द्यायची असेल तर मी हीच नक्षी सुचवेन.

आता ज्या गोष्टीसाठी मला सुटे दोरे संचापेक्षा फार वरचढ वाटतात ती सांगते. संचातील अक्षरांचे मणी केवळ रोमन लिपीचे होते. मैत्रिणीचे नाव मराठीत लिहायचे असेल तर त्यात काहीही सोय नव्हती. गाठींनी मात्र देवनागरी अक्षरे अतिशय सुंदर विणता येतात, कारण शिरोरेषा या तंत्रासाठीच जणू जन्मलेली आहे. नावाच्या पट्टीत अक्षरांच्या रंगाचे उभे पदर असतात आणि पार्श्वभूमीच्या रंगाचा एकच लांब दोरा त्यांच्यावर आडवा जात-येत गाठी मारतो. जेथे अक्षर दिसायला हवे तेथे उलट उभ्या पदराने त्या आडव्या दोऱ्यावर गाठ घ्यायची. नाव पट्टीच्या लांबीने लिहिले तर शिरोरेषेसाठी एकच पदर ठरतो. तो प्रत्येक ओळीत न चुकता गाठ घेत गेला की अक्षरांच्या डोक्यावरून अखंड रेघ धावते. खडी रेघ म्हणजे एक पूर्ण ओळ रंगीत करायची. त्यामुळे त, न, म, ग, प ही अक्षरे आणि काना पहिल्याच प्रयत्नात जमतात. "तारा" किंवा "मानस" यांसारखी नावे दहा वर्षांच्या मुलीनेही केलेली मी पाहिली आहेत.

अडचण वेलांटीची आणि उकाराची. शिरोरेषेच्या वर दोन-तीन पदर आणि अक्षराच्या खाली दोन पदर राखून ठेवावे लागतात, म्हणजे अक्षराचे पाच-सहा, शिरोरेषेचा एक आणि दोन्ही कडांचे एकेक धरून बारा ते चौदा पदरांची रुंद पट्टी होते. जोडाक्षरे आणि झ, इ यांसारखी वळणदार अक्षरे सवय झाल्यावरच घ्यावीत. सुरू करण्याआधी नाव गणिताच्या चौकटीच्या वहीत एका चौकटीला एक गाठ या हिशेबाने भरून पाहावे. पार्श्वभूमीचा दोरा लडीतून कापूच नये, सगळी लडी लहानशा पुठ्ठ्यावर गुंडाळून तशीच वापरावी, कारण या नक्षीत तो इतरांच्या कितीतरी पट खर्च होतो आणि मधेच जोड आला तर अक्षराच्या मागे गाठीचा गोळा दिसतो. गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे उठून दिसतात. 403 क्रमांकाच्या काळ्यावर पांढरे नाव हे आमच्याकडचे सर्वांत यशस्वी जोडकाम ठरले.

सहा-सात वर्षांच्या मुलांना गाठी जमत नाहीत. त्यांच्यासाठी, संचातल्या चकतीच्या ऐवजी, वहीच्या मागचा जाड पुठ्ठा अष्टकोनी कापावा, मधोमध भोक पाडावे आणि आठही बाजूंना एकेक खाच द्यावी. सात दोरे एकत्र गाठून गाठ भोकातून खाली सोडावी आणि दोरे सात खाचांत अडकवावेत. एक खाच रिकामी राहते. रिकाम्या खाचेपासून एका ठरलेल्या दिशेने मोजत तिसरा दोरा उचलून तिच्यात ठेवायचा, नवी रिकामी खाच स्वतःकडे वळवायची आणि पुन्हा तिसरा दोरा. एवढाच नियम. भोकातून खाली गोल, भरीव गोफ उतरू लागतो. चूक झालीच तर ती लगेच दिसते, आणि मूल कंटाळून मधेच उठले तरी दोरे खाचांत जागच्या जागी राहतात, ही या पुठ्ठ्याची मोठीच सोय आहे.

टिकण्याविषयी. मध्य अमेरिकेतील आदिवासींच्या गाठकामातून आलेला आणि 1970 च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेला हा धागा मैत्रिणीने बांधल्यावर आपोआप तुटेपर्यंत काढायचा नाही, असा संकेत आहे. म्हणूनच त्याचा दोरा पक्का असणे आवश्यक ठरते. संचातल्या धाग्यांची टोके काही आठवड्यांतच उसवली आणि गाठी सैल पडल्या; लड्यांतून विणलेले धागे धुण्या-भांड्याच्या पाण्यातून, घामातून आणि पावसातून गेले तरी त्यांची नक्षी स्पष्ट आहे, फक्त पांढरा रंग मळकट झाला आहे. पांढऱ्याऐवजी फिका पिवळा घेतल्यास तेवढाही दोष राहणार नाही.

शेवटच्या बांधणीसाठी मात्र कोल्हापुरात एक सोय आहे, जी कोणत्याही संचात मिळणार नाही. महाद्वार रोडला लागूनच असलेल्या गुजरीत ठुशी, साज आणि मोत्यांच्या माळा गाठवून देणारे पटवेकरी बसतात. विणलेली पट्टी त्यांच्याकडे नेली तर ते दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याचा घट्ट वेढा देऊन मागेपुढे सरकणारा गोंड्याचा फासा करून देतात, त्यामुळे एकच धागा लहान-मोठ्या दोन्ही मनगटांना बसतो आणि टोके कधीच उसवत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा पटवेकरीकाकांनी पट्टी उलटसुलट करून गाठी तपासल्या आणि भाचीला विचारले, "तूच विणलीस व्हय ही? हात चांगला बसलाय तुजा." मग तिला शेजारी बसवून वेढा कसा द्यायचा आणि दोऱ्याचे टोक सुईने वेढ्याच्या आत कसे दडवायचे, हे तिच्याकडूनच करून घेतले. मजुरी त्यांनी थोडीच घेतली. संचातल्या निसरड्या धाग्याची पट्टीही सोबत होती. तिच्यावर रेशीम ठरत नाही, असे सांगून त्यांनी ती तशीच परत दिली. गुजरीत लग्नसराईच्या दिवसांत त्यांना अशा कामासाठी वेळ नसतो, तेव्हा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, गिऱ्हाइके कमी असताना जावे आणि पट्टीशी जुळणारी रेशमाची छटा त्यांच्याकडच्याच रिळांतून निवडावी.